लिनकाकांचा डिंक

शुगर लँड, टेक्सस, ८ जुलै २००६, शनिवार
लिनकाका आज चक्क शीळ घालत होते! त्यांच्या फार्मसीत इतकी वर्षं हाताखाली काम करतेय, शीळ पहिल्यांदाच ऐकली. (दुकानात 'डॉ. लिन'. 'काका' आमच्या लेकीने, ईशाने केलं, आता मीही मनात तेच म्हणते.) डॅलसला एमीला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, मुलगी झाली. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या म्हाताऱ्याला फोटो दोनदा दाखवला. नात लिनकाकूंसारखी दिसते म्हणाले, आणि मग उगाचच कपाट पुसत बसले. काकू जाऊन आता दोन वर्षं होतील.

११ जुलै, मंगळ.
डबा खाताना कळलं. चिनी लोकांतही बाळंतिणीला महिनाभर घरात बसवतात. गार पाणी नाही, वारा नाही, आल्याचं गरम सूप. म्हटलं, अहो, हे तर आमचंच! फक्त आमचा सव्वा महिना.
एमी झाली तेव्हा दोघं इथे नवखे. काका हॉटेलात भांडी घासून परीक्षेचा अभ्यास करायचे, काकूंचं बाळंतपण करायला कोणीच नव्हतं. "लेकीचा महिना मी करीन," असं त्या म्हणायच्या. आता ते काका करणार आहेत. रजाही टाकली. लिनकाका आणि रजा!
एमी फोनवर म्हणाली, "डॅड, यू आर अ फार्मासिस्ट! यावर विश्वास कसा ठेवता?" वीकेंडपुरती येते म्हणे. काकांचा चेहरा एवढासा झाला.

१४ जुलै, शुक्र.
घरातला डिंक काकांना नेऊन दिला. गिऱ्हाइकांच्या मधे मधे लाडूंची कृती सांगितली. खारीक, खोबरं, गूळ, सगळं. स्वारी खूश.

१६ जुलै, रवि.
काकांचा फोन. "मिसेस जोशी, प्लीज या. काहीतरी चुकलंय." नवऱ्याला, मिलिंदला घेऊन गेले. बघते तर काय, ओट्यावर पातेलंभर खळ! डिंक तळायचा असतो हे मी सांगितलंच नव्हतं. ते काय सांगायचं असतं? आणि काकांच्या शास्त्रात डिंक पाण्यात घोटतात, गोळ्या बांधायला. खारीक-खोबरं सगळं त्या खळीत. चमचा उभा राहिलेला, काकांच्या हातांना लाडू चिकटलेले.
मिलिंद म्हणाला, "काका, याने वॉलपेपर लावू." आधी काका हसेनात, मग थांबेनात. आम्ही तिघंही डोळे पुसत होतो.
मिलिंदला नव्या खारीक-खोबऱ्यासाठी पिटाळलं आणि उरलेला डिंक तुपात टाकला. लाह्यांसारखा फुलला तसे काका कढईवर वाकले. "इतकी वर्षं डिंक हाताळतोय, हा असा फुलतो हे कोणी सांगितलंच नाही!" नंतर एकेक लाडू वजन करून वळला. सवय!

२२ जुलै, शनि.
एमी, नवरा केव्हिन आणि बाळ आले. किती गोड आहे! मूठ सोडतच नाही.
बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली आणि काकांनी एसी बंद केलेला. "डॅड, धिस इज टेक्सस!" एसी लागला. मोजे मात्र तिने कसेबसे घातले. काका आल्याचं गरम पाणी घेऊन उभे, आणि एमीने फ्रीजमधून बर्फाचा ग्लास भरला. मला फार वाईट वाटलं. सोमवारी परत जाणार म्हणते.

२३ जुलै, रवि.
लाडू द्यायला काकांनी मलाही बोलावलं. एकट्याने द्यायचा धीर होईना बहुतेक. एमीने आदराखातर कुरतडला. "मॉम हे करायची?"
काका म्हणाले, "नाही. तिला कोणी करून दिलं नाही. तू आठवड्याची असताना ती गार पाण्यात कपडे धूत होती. म्हणायची, मनगटं तेव्हापासून दुखतात."
"मॉमच्या मनगटांवरचे ते पट्टे? मला वाटायचं, कामामुळे."
"खरंच त्यामुळे का, मी सांगू शकत नाही. फार्मासिस्ट म्हणून तर नाहीच. पण ती लेकीचा महिना करणार होती."
"यू नेव्हर टोल्ड मी, डॅड."
आजही भरून घेतलेला बर्फाचा ग्लास तसाच राहिला. थोड्या वेळाने तिने काकांच्या हातातला आल्याच्या पाण्याचा गरम पेला घेतला, तोंड वाकडं केलं आणि संपवला. मी बाळाला घेऊन खिडकीशी गेले. मला रडू येत होतं आणि भलताच आनंदही झाला होता.

२४ जुलै, सोम.
कामावर जाताना मुद्दाम काकांच्या घरावरून गेले. गाडी दारात, डिकी उघडी, केव्हिन सामान भरतोय. बाळाची सीट अजून पायरीवरच. आत गेले तर एमी मोजे घालून बसलेली, हातात लाडू. मला म्हणाली,
"तुमच्यात किती दिवस असतं हे?"
"सव्वा महिना."
"आमचा एकच!" काका घाईघाईने म्हणाले. लेक घाबरेल म्हणून!
एमी हसली. "शुक्रवारपर्यंत बघू, डॅड. मग ठरवू."
काका मला दारापर्यंत सोडायला आले. मागे एकदा वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "मिसेस जोशी, तुमच्याकडे अजून डिंक आहे?"