अक्काची हाळी

सोलापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. अभिमन्यू यास,
आशीर्वाद. एरवी ‘अनेक उत्तम’ लिहिते, या वेळी नुसताच घे.

रविवार, दि. २ नोव्हेंबर रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तुमच्या सिनेमातला ढेरपोट्या लांडगा पहिल्यांदा शेणात पडला. पडताना त्याच्या तोंडून माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे तुझ्या जन्मदात्या आईचा, आवाज आला आणि अख्खं थिएटर हसलं. वेळ मी तिकिटाच्या पाठीवर तिथंच लिहून ठेवली. रेल्वेच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली आहेत मी. तारीख-वेळ नसलेल्या तक्रारीचं काय होतं, ते मला माहीत आहे.

आवाज तिचा नव्हे, असं लिहू नकोस. गेल्या वर्षी मे महिन्यात तू गावी मोबाईल धरून तिच्या मागे मागे फिरत होतास, तेव्हा मी तिथं होते. संध्याकाळी मेंढरं माघारी बोलवायची तिची हाळी. शेवटी तिला खोकला आला होता. तो खोकलासुद्धा तुम्ही ठेवला आहे! धनगरणीची हाळी लांडग्याच्या तोंडी घालणाऱ्या माणसाला मेंढरू आणि लांडगा यांतला फरक कुणी सांगितला नव्हता का?

तू तिकिटं पाठवलीस, सर्वांनी जा म्हणालास. अक्का सत्तरीत पहिल्यांदा असल्या थिएटरात येणार म्हणून मी नवी पेठेत तीन दुकानं पालथी घालून तिला इरकल घेतलं. ती ते नेसून माझ्या आणि आमच्या सूनबाईच्या, रेश्माच्या, मध्ये बसली. सुरुवातीला किती खूश होती म्हणून सांगू! ती पांढरीशुभ्र कापसाची गाठोडी बघून, ही कुठल्या देशाची मेंढरं गं, आपली तर काळी, असं तिनं विचारलं खरं. पण एक मेंढी बसलेली उठली, आधी मागचे पाय, मग पुढचे, तेव्हा माझा हात दाबून म्हणाली की पाय बराबर हायती की, अभ्यानं लई ध्यान दिऊन बघितल्यात. पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून शूऽ केलं, इतक्या मोठ्यानं म्हणाली.

मग लांडगा पडला. एकदा नव्हे, सात वेळा. दुसऱ्या वेळी तिनं पदर तोंडावर घेतला. मध्यंतरात मला विचारलं, म्या येवढी हसण्याजोगी हाय व्हय गं? मी काय सांगायचं होतं ते तूच कळव. शेवट होण्याआधी मी सगळ्यांना उठवून बाहेर आणलं.

नातवंडांच्या पायी हे संगणकावरचे सिनेमे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला काही कळत नाही असं समजू नकोस. काही फार चांगले असतात. त्यात म्हाताऱ्या माणसालाही काहीतरी हवं असतं, त्यालाही मोह होतो, तोही चुकतो. वाईट सिनेमात अक्कल सगळी लेकरांना, आणि म्हातारे फक्त घोरायला, पादायला आणि पडायला. दर बारा मिनिटांनी गाणं. डोळे बशीएवढे, म्हणजे रडणं लांबून दिसावं. लोकरीचा केस न् केस तुम्ही मोजून बसवता, आणि दीड तासात एकाही मेंढीला लेंडी पडत नाही. ‘सहकुटुंब पाहावा’ असं पाटीवर छापता, तेव्हा त्या कुटुंबात चिमाबाई नावाची बाई येते का, हे आधी ठरवत जा.

आता गावातली पोरं ती दिसली की लांडग्यासारखी पडून दाखवतात आणि तिच्यासारखी ओरडतात. दोन तारखेपासून अक्कानं हाळी दिलेली नाही. मेंढरं दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. तिचा फोनही तू उचलत नाहीस, असं तुझा भाऊ बिरुदेव सांगतो. मला फोन करू नकोस, तू नुसता हं हं करतोस. लेखी खुलासा पाठव.

लोभ सध्या राखून ठेवला आहे.
तुझी मावशी,
सुकन्या

*

पुणे
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

ती. सुकन्यामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. हाताने लिहिलेला लिफाफा बघून सगळे भोवती गोळा झाले होते. मी जिन्यात जाऊन वाचलं.

खुलासा असा. सिनेमा माझा नाही. आम्ही साठजण आहोत, माझ्याकडे मेंढरांचं चालणं, उठणं, बसणं होतं. पाय आईला आवडले, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुझ्या रागाच्या पत्रातून कळलं.

हाळीचं रेकॉर्डिंग मीच दिलं, पण लांडग्यासाठी नाही. एक प्रसंग होता: संध्याकाळ झालीय, कोकरू चुकलंय, आणि लांबून हाळी येते. कोकराचे कान आधी वळतात, मग मान, मग पाय. आणि टेकडीवरच्या दोनशे मेंढरांचे कान एकदम वळतात. त्या कानांवर मी चार महिने काम केलं. त्याखाली आईचा आवाज होता. संगीत नाही, काही नाही. मग वीस मुलांना बोलावून कच्चा सिनेमा दाखवला. लांडगा पडतो तिथे कुणी हसेना. दिग्दर्शकांनी गंमत म्हणून तिथे हाळी लावून पाहिली. मुलं खुर्चीवरून खाली आली हसून. दिग्दर्शक हसले, सगळी खोली हसली. एकच आवाज दोन्हीकडे चालणार नाही म्हणून कोकराचा प्रसंग कापला. मावशी, सिनेमा चांगला की वाईट हे आमच्याकडे असंच ठरतं. मुलं हसली तर राहतं.

मी आईचं नाव शेवटच्या पाट्यांत घालायला लावलं होतं. ‘हाळी : चिमाबाई’ असं. ते पडद्यावर यावं म्हणून भांडलो. त्यासाठी तिकिटं पाठवली. तुम्ही आधीच उठलात.

डिसेंबरात घरी बघायची प्रत पक्की होईल. तोवर आवाज काढता येतो. पण त्यासाठी मला लिहून द्यावं लागेल की तो मी आईला न विचारता दिला. तिची सही-अंगठा काहीच घेतलेलं नाही. पुढच्या सिनेमात मला गटप्रमुख करणार आहेत. तेव्हा हे लिहून द्यायचं की नाही, यावर मी रोज विचार करतो.

आता रागावू नकोस, पण तूच लेखी मागितलंस. रेश्मानं मला सांगितलं की लांडगा पहिल्यांदा पडला तेव्हा तूही हसलीस. मला नवल वाटलं नाही. पाचवीपासून मी तुझ्या क्वार्टरमध्ये राहिलो. गावाहून परत आलो की दोन दिवस पाहुण्यांसमोर तू मला तोंड उघडू द्यायची नाहीस, जीभ सरळ होईपर्यंत. आठवीत असताना आई भाकऱ्या घेऊन आली, आणि फाटकातून तिनं मला हाक मारली, मेंढरांना मारते तशी. तुझ्याकडे ऑफिसातल्या बायका चहाला आल्या होत्या. तू उठलीस आणि खिडकी लावलीस. त्या आवाजावर हसतात हे मला काही पुण्यात पहिल्यांदा कळलं नाही.

आईचा फोन उचलायला मला भीती वाटते. तिला काय सांगू, तेवढं कळव.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.
तुझा,
अभिमन्यू

*

मु. पो. वाडी, ता. सांगोला
सोमवार, १७ नोव्हेंबर

ती. मावशीस बिरुदेवचा शि. सा. न.

पत्र यष्टीच्या कंडक्टरपाशी देतोय, म्हंजी उद्याच पोचंल. फोनवर आये बसलेली असती, म्हून लिवतोय.

मावशी, हितं काय ठीक न्हाय. आये बोलती, खाती, पर रानात गेली की तोंड मिटून. काठी आपटती नुसती. मी हाळी दिली तर मेंढरं माझ्याकडं बघत्यात आन् परत चरत्यात. माझी बायको सोनाली, तिनं पन करून बघितलं. शुक्कारी सांजच्याला मेंढरं हायवेवर चढली. आयेला दिसत व्हतं, ट्रक येताना दिसत व्हता, तरी तिच्या तोंडातनं आवाज निघाला न्हाय. दोन मेंढ्या गेल्या. त्यातली एक गाभण व्हती. आये तितंच बसली रस्त्याच्या कडंला.

करकंबचं बाळासो ऊस तुटल्यावर दरसाल खतासाठी आपली मेंढरं त्यांच्या रानात बसवत्यात. त्यांचा निरोप आला तर आये न्हाय म्हनली. परक्या गावात तोंड उघडावं लागंल म्हून. आता म्हनती तीस तारखंच्या रैवारी सगळी बाजारात न्हे. टेम्पो सांग म्हनली. ऐंशी मेंढरं हायती मावशी, तिच्या लग्नात आलेल्या मेंढ्यांच्या वंशाची. मी टेम्पोवाल्याला अजून हो म्हनलो न्हाय, पर ती रोज इचारती.

अभ्याला मी शिव्या घालणार व्हतो. आये म्हनली, त्येच्या भाकरीत माती घालू नगंस.

तुमी या. तुमचं ती ऐकती.
तुमचा बिरुदेव

*

सोलापूर
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. अभिमन्यू यास,
आशीर्वाद.

बिरुदेवच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आधी ती वाच. मग हे.

काल मी वाडीला जाऊन आले. तुझ्या पत्रातले दोन आरोप खरे आहेत. मी हसले. आवाज ओळखायच्या आत हसले, पण हसले. आणि खिडकी मी लावली. त्या बायकांची नावंसुद्धा आज मला नीट आठवत नाहीत. आपल्या घरातून एकच मुलगी सिस्टरांच्या बोर्डिंगात जाऊ शकत होती. दुसरीनं मेंढरांमागं जायचं होतं. वडिलांनी मला निवडलं, कारण मी धाकटी आणि रडकी होते. अक्का मेंढरं राखायची म्हणून मी तिथं इंग्रजी कविता पाठ करू शकले. तिच्या हाळीवर मी शिकले आणि शिकून पहिलं काम केलं ते खिडकी लावायचं.

हे दोन्ही मी तिला सांगितलं. गोठ्यापाशी ती कोकरांना पाला टाकत होती. पाला टाकायची थांबली नाही. म्हणाली की खिडकी म्या बघितली व्हती की. म्हणून तर पुढच्या खेपेपासून ती फाटकाबाहेर गप उभी राहायची, तू दिसेपर्यंत. मला आजवर वाटायचं, तिला शहरातली रीत समजली. मी जमिनीवर बसले. मग तिनं चहा केला आणि मला चिडवलं की सायबीनबाई, लुगड्याला लेंड्या लागल्या बघ.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. कोकराच्या प्रसंगापाशी तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. तीनदा वाचलं. कान आधी वळतात हे बरोबर आहे म्हणाली, पण दोनशेचे एकदम वळत नाहीत, म्हाताऱ्या मेंढीचे आधी, बाकीच्यांचे तिच्या मागून. ती चूक तिनं मला मुद्दाम लिहायला सांगितली आहे. तेव्हा लिहिली.

स्टुडिओला रेल्वेच्या भाषेत कडक पत्र धाडायचं माझ्या मनात होतं, मसुदाही केला होता. अक्कानं तो घेऊन चुलीत घातला. पोराचं नुकसान करायचं नाही, आवाज राहू दे नाहीतर जाऊ दे, तिला त्याचं काही नाही. जगाच्या हसण्याचंही नाही. पोरं चार दिवस ओरडतील आणि दमतील, असं तीच म्हणाली. मग मेंढरं का विकतेस, असं मी विचारलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग तिनं मला एकच गोष्ट विचारली.

त्या दिवशी पुण्यात, पोरं खुर्चीवरून खाली आली तेव्हा, अभ्या हसला का?

तू लिहिलं आहेस की मुलं हसली, दिग्दर्शक हसले, सगळी खोली हसली. खोलीत तू होतास. तुझं पत्र चार बाजूंनी वाचलं, तेवढं एक वाक्य त्यात नाही. अशी न लिहिलेली वाक्यं शोधायचा मी पगार घेतला आहे, पण हे मला सापडलं नव्हतं. ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सापडलं.

तिला भीती आहे ती एवढीच. ती तोंड उघडते आणि तिला दिसतोस तू, हसताना. म्हणून ट्रक दिसत असूनही तिचा आवाज निघाला नाही.

तू विचारलं होतंस, तिला काय सांगू. मी तुला उत्तर सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही. हसला नसशील तर तसं लिही. हसला असशील तर तसं लिही. मी हसल्याचं सांगितलं तेव्हा तिनं मला चहा दिला, हे ध्यानात ठेव. खोटं मात्र लिहू नकोस. वाचून मी दाखवणार असले तरी ऐकणार ती आहे, आणि बोलण्यातलं खोटं तिला ऐकू येतं. ‘परिस्थिती अशी होती की’ अशानं सुरू होणारं पत्र मी फोडल्याबरोबर परत पाठवीन.

फोन चालणार नाही. तुझ्या हातचं पत्र, तिच्या नावानं, माझ्या पत्त्यावर, शुक्रवार दि. २८ नोव्हेंबर रोजी संध्याकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी ते घेऊन वाडीला जाते. पत्र आलं नाही तरी मी जाईन, रिकाम्या हातानं, आणि तिला तसं सांगेन. रविवारी पहाटे चारला टेम्पो दाराशी येणार आहे. बिरुदेवनं त्याला काल माझ्यादेखत हो म्हटलं.

तुझी मावशी,
सुकन्या