न विचारता वाढलेलं

नागाव, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या होमस्टेची जाहिरात एका वेबसाइटवर महिनाभर फुकट म्हणून लावली होती. महिना संपला आणि खात्यातून पैसे जायला लागले. आज फोन केला, तर तिथली मुलगी म्हणते, "मॅडम, तुम्ही नको म्हणाला नाहीत ना!"

म्हणजे गप्प बसले तर हो? मी पाहुण्यांना दुसरा मोदकसुद्धा विचारल्याशिवाय वाढत नाही. ताटावर हात आडवा धरायची वेळच येऊ देत नाही. आणि हे न विचारता वाढणार, वर पैसेही घेणार?

आवाज चढला माझा. चढू दे. बँकेत तक्रार करते म्हटल्यावर ती नरमली. "आणखी दोन महिने फुकट देते, मॅडम."

नकळत माझा हात आडवा झाला, ताटावर धरतात तसा. तिला दिसणार नव्हता, म्हणून ओरडलेच, "नको! आता तरी ऐकलंस ना?"