हृदयातली साधी गाठ

३ मार्च, मंगळवार
थांबणार नाही म्हणजे नाही! अँजिओग्राफी करणार आणि ऑपरेशनही करणार. मुलगा म्हणतो, "आई, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, डॉक्टरच म्हणाले ना? मग कशाला चिरफाड? थांबू थोडं."
साधी! माझ्या हृदयाच्या कप्प्यात लिंबाएवढी गाठ लोंबते आहे आणि हा म्हणतो, थांबू.

५ मार्च
ग्रंथालयाची वैद्यकाची पुस्तकं बांधणीला आली. हे गेल्यापासून बांधणीचं दुकान मी एकटीच चालवते. बांधायला येईल ते वाचायचं, ही खोड त्यांनीच लावली. शिवता शिवता नेमकं पान सापडलं. अडलेले शब्द पुठ्ठ्यावर लिहून शब्दकोशात पाहिले. गाठ साधी असली तरी तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. तिला रक्त कुठून मिळतं, हृदयाच्या बाकी रक्ताच्या नळ्या धड आहेत का, ते अँजिओग्राफीत दिसतं.
मुलाला वाचून दाखवलं.
"पुस्तकं शिवून कुणी डॉक्टर होत नाही, आई."
"आणि न वाचता होतं का रे?"


६ मार्च
पुस्तकं चिकटवायची खळ शिजवताना करपली. सवयीने ह्यांना हाक मारली.

१० मार्च
झाली अँजिओग्राफी!
नर्स विचारते, "पेशंटबरोबर कोण?" म्हटलं, "मीच पेशंट, मीच बरोबर." मुलगा आला शेवटी, तोंड फुगवून.
ह्यांच्या वेळी मला बाहेर बाकावर बसवलं होतं. दार उघडलं तेव्हा चादर तोंडावर ओढलेली. काय झालं, कसं झालं — काही पाहिलं नाही मी. म्हणून आज डॉक्टरांना सांगितलं, पडदा माझ्याकडे वळवा.
"डोळे मिटून पडा, आजी."
"डोळे मिटायला नाही आले. वळवा!"
वळवला. मनगटातून नळी घातली, औषध सोडलं, आणि पडद्यावर काळ्या फांद्या उमटल्या. एका फांदीला बारीक केसांची गुंतवळ — तिथेच गाठ. माझंच रक्त पिऊन पोसलेली! भीती नाही वाटली. राग आला.
हृदयाची दुसरी एक रक्ताची नळी जवळजवळ बंद. "हे न बघता हृदय उघडलं असतं, तर अवघड होतं," डॉक्टर मुलाला म्हणाले. 

८ एप्रिल, बुधवार
घरी आले. गाठ काढली, बंद नळीलाही दुसरी वाट करून दिली. छातीवर हे वाकडे टाके! मी असे घातले असते तर ह्यांनी उसवायला लावले असते.
सर्जन म्हणाले, क्वचित अशी गाठ घराण्यात असते, मुलाच्या हृदयाचीही सोनोग्राफी करून घ्या.
"मला काय धाड भरली आहे?" — इति चिरंजीव.

१४ एप्रिल
ओढतच नेलं त्याला. त्याच्याही हृदयात गाठ आहे. लहान आहे, थांबू म्हणतो. समोर बसला आहे, माझ्याकडे न बघता.
थांबू देते का मी!