ओहोटीचं पाणी

मर्ल,

टिलीचा मासा टाकीच्या तळाशी आडवा पडलाय, धापा टाकतोय. चूक माझी. त्याच्या खाऱ्या पाण्यासाठी विकतचं मीठ परवडेना म्हणून मी धक्क्यावरून समुद्राचं पाणी आणलं. "भरतीलाच भर रे म्हाताऱ्या, ओहोटीला नदी उसाच्या मळ्यांतली फवारणीची औषधं घेऊन येते," असं शेजारच्या डेसने बजावलं होतं. पण भरतीला तिथे गळ टाकणाऱ्यांची गर्दी असते. त्यांच्यासमोर बादल्या घेऊन जायला लाजलो आणि ओहोटीला गेलो.

आता भरती आहे. चांगलं पाणी आणायला सगळ्यांसमोरून जातोय.

तिची आई गेल्यापासून पोर फक्त त्या माशाशी बोलते. ती माझ्याआधी शाळेतून आली तर अंगणातच थांबव. तिला काय सांगायचं, मला सुचत नाही. तुला सुचलं तर इथेच खाली लिहून ठेव.

क्लेम