झुल्मिरामावशींनी बदललेला शेवट

२० मे, शुक्रवार
बायकांच्या तुरुंगातल्या वाचनवर्गाचा आज दहावा आठवडा. कॉलेजातून आम्ही तिघं जातो — दोघं विशीतली, आणि तीस वर्षं वर्तमानपत्रात काढून पुन्हा विद्यार्थिनी झालेली मी. पुस्तक वाचायचं, त्यावर एक पान लिहायचं, वर्गात वाचून दाखवायचं. पुस्तकाला धरून असेल तर मी सही करते, आणि न्यायाधीश शिक्षेतले चार दिवस कमी करतात.

झुल्मिरामावशींची सुटका २७ जूनला. "चार दिवस मिळवून द्या बाई. तेवीसच्या रात्री सांजुआंवचा सण, त्याच्या शेकोटीला बाहेर असेन. एकीला शब्द दिलाय — दोघींनी शेकोटीभोवती फिरायचं, की ती माझी कोमाद्रे, मानलेली बहीण. मग जन्माचं नातं."

गावाकडची मैत्रीण असणार.

२७ मे
मावशींनी पान वाचलं. खणखणीत. पण शेवट चुकीचा! कादंबरीत धोबिणीचं तान्हं बाळ दुष्काळात जातं. यांच्या पानावर ते रांगतं, माती खातं, आईचा धपाटा खातं.

"मावशी, शेवटचं प्रकरण वाचलं नाहीत?"

"वाचलं की. तुमच्या पुस्तकाचंच चुकलंय."

सगळ्या हसल्या. मला सही करता आली नाही.

२८ मे
ते माती खाणारं बाळ डोक्यातून जात नाही.

३ जून
कागद सोमवारी न्यायाधीशांकडे जाणार. म्हटलं, शेवट दुरुस्त करा.

"नको. सत्तावीस तर सत्तावीस."

वर्ग सुटल्यावर खुर्च्या उचलताना हळूच म्हणाल्या, "एदिलेनला सातवा लागलाय. पोरीला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवते. पहिलं लेकरू गेलंय तिचं. तिच्यासमोर ते वाचू?"

एदिलेन दर शुक्रवारी पहिल्या बाकावर असते. पोटावर वही ठेवून. माझ्या डोक्यात आलं नाही.

आतला एक दिवस किती लांब असतो ते मी पाहिलंय. ही बाई असे चार सोडून देत होती. जागा नाही म्हणून मी हजारो बातम्यांचे शेवट कापले. असा, कुणाला जपायला, एकही नाही.

"मोठ्यानं नका वाचू," म्हटलं. "खरा शेवट लिहून माझ्या हातात द्या."

उभ्या उभ्या लिहिला. मी खाली सही केली.

१७ जून
मंजूर.

२३ जून
सकाळी फाटकावर गेले. मावशी बाहेर आल्या, हातात एक पिशवी.

"बसस्टँडवर सोडते."

"गावाला कोण जातंय? लाकडं कुठं मिळतील ते सांगा." त्यांनी तुरुंगाच्या भिंतीतल्या तिसऱ्या खिडकीकडे बोट केलं. "तिथून इथली शेकोटी दिसेल. आत एदिलेन बादलीलाच शेकोटी मानून तिच्याभोवती फिरेल, बाहेर मी."