लाटणं कुठंय, मामा?

प्रिय माय,

आज भाऊबीज. तुझा तो लाडका भाऊ येऊन गेला, म्हणून लिहायला बसले. कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला आज घास उतरणार नाही, आणि पहिलं भांडण तुझ्याशीच आहे.

घरमालकाला भाऊ कशाला करून घेतलंस गं? गाव सोडून उस्मानपुऱ्यात ह्या दोन खोल्या किरायानं घेतल्या, त्याच वर्षी तू रंगनाथरावांना ओवाळलंस. "परक्या ठिकाणी आपलं कुणीतरी असावं," म्हणालीस. झालं! तेव्हापासून ते माझे मामा आणि तुझ्या तोंडाला कुलूप. भावाला दोन शब्द सुनवायचे कसे?

खाली हौदाजवळच्या मोटारीला करंट येतो, हे तुला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! बटण दाबताना हाताला झिणझिण्या यायच्या, म्हणून तूच घरातलं जुनं लाटणं नेऊन बोर्डाशेजारी खिळ्याला टांगलंस. आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. "नळ आले!" अशी हाक उठली की सगळ्या किरायादारांच्या बायका खाली धावायच्या आणि लाटण्यानं बटण दाबायच्या. सगळ्यांना तुझं कौतुक, मला मात्र संताप यायचा.

"मामांना सांग ना, वायरमन बोलवा म्हणून."

"सांगितलंय गं. दिवाळी झाल्यावर बघतो म्हणले."

"कोणत्या दिवाळीनंतर?"

"तुला लई घाई! भाऊ हाय माझा, वैरी नाय."

एकदा मामा स्वतः खाली आले होते, आठवतंय? खिळ्यावरचं लाटणं काढून त्यांनीच मोटार चालू केली आणि हसत म्हणाले, "अक्का, डोकं भारी चालतं हां तुझं!" तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी जिन्यात उभी राहून बघत होते. ज्याच्या घरात बायकांना लाटण्यानं बटण दाबावं लागतं, त्याला लाज वाटायला हवी होती की नाही? आणि तू हसलीस!

त्या शेवटच्या दिवशी नळ आले, पण मोटार पाणी ओढेना. लाटणं काय, बटणापुरतं. तू मोटारीत पाणी ओतायला वाकलीस आणि एक हात तिच्यावर टेकवलास. खालची शबानाभाभी किंचाळली तेव्हा मी भाकरी टाकत होते. पुढचं माझ्यानं लिहवत नाही.

घाटी दवाखान्यातून तुला परस्पर स्मशानात नेलं. आम्ही घरी आलो, तर खाली नवा बोर्ड, नवी वायर, मोटारीला अर्थिंगसुद्धा! इतकी वर्षं ज्याला मुहूर्त लागला नाही, ते काम तुझी चिता विझायच्या आत उरकलं होतं. आणि खिळ्यावर लाटणं नव्हतं.

आज तेच मामा आले. दुखवट्यामुळं आपल्याकडं कढई चढली नाही, म्हणून फराळाचा डबा आणला, मला साडी आणली. बाबांजवळ बसून डोळे पुसले. मग हळूच मुद्द्यावर आले. उद्या पोलीस ठाण्यात माझा जबाब आहे ना!

"एवढंच सांग पोरी, अक्कानं ओल्या हातानं मोटार धरली. मला काही माहीतच नव्हतं, कुणी कधी सांगितलंच नाय. आता गेलेलं माणूस काय परत येतंय? तुम्ही राहा की इथं निवांत. आपलंच घर हाय."

बाबा खाली बघत म्हणाले, "मंगल, मामा हायेत तुझे. हे घर गेलं तर जायचं कुठं?"

मी विचारलं, "लाटणं कुठंय, मामा?"

"कसलं लाटणं?" ते म्हणाले खरं, पण चहा अर्धा टाकून उठले. साडी मी जिन्यापर्यंत जाऊन त्यांच्या हातात परत दिली.

शबानाभाभी दारातच उभी होती. ते गेल्यावर मला म्हणाली, "उनो लाटना निकाल के ले गए बेटा, मैं देखी ना अपनी आँखां से. कल मैं भी आतूं तेरे संगात." माय, तीही किरायानंच राहते. तिलाही उद्या घर खाली कर म्हणतील, पदरी तीन लेकरं आहेत. तिला तू कधी ओवाळलं नव्हतंस, तरी ती येतेय!

बाबांचा मला राग येत नाही. ते घाबरलेत, आणि भीती काही खोटी नाही. राग तुझाच येतो. एकदा, फक्त एकदा त्या माणसाशी कडाडून भांडली असतीस, तर आज फराळ तू केला असतास.

उद्या मी सगळं सांगणार, तुला शब्द देते. झिणझिण्या, दर दिवाळीचा वायदा, लाटणं, तो नवा बोर्ड, सगळं. घर गेलं तर जाऊ दे. दुसरं बघताना मी आधी मोटारीपाशी जाईन, देवघराची जागा नंतर बघेन. ठाण्यात विचारतील, हे रंगनाथराव तुमचे कोण? तू मरेपर्यंत भाऊ म्हणालीस, तुझ्यामागं मी मामा म्हणत आले. उद्या मी सांगेन, आमचे घरमालक. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
मंगल