मसाई आजींची ओटी

१६ ऑगस्ट. मसाई मारा, कॅम्प.

सकाळी जीप. सिंहीण झोपलेली, पाणघोडे झोपलेले, परतताना आम्हीही. दुपारी वरणभात, स्वयंपाक्याने खास आमच्यासाठी केला. वरणात दालचिनी होती. तरी सगळ्यांनी दोनदा घेतला.

नारळ गेला. तंबूची चेन अर्धी उघडी राहिली, तेवढ्यात बबून आत शिरला. बिस्किटं, गोळ्या, चष्मा, कशाला हात नाही. नारळ काखेत मारून झाडावर. मी खालून हातवारे करत होतो. त्याने नारळ कानाशी धरून हलवून पाहिला, शुभा दुकानात बघायची अगदी तसा.

नारळ नैरोबीत मुद्दाम घेतला होता. शुभाने ही सफारी गेल्या वर्षी ठरवली, तेव्हाच एक हिरवा खण बाजूला काढला. "मसाई लोकांच्या गावात जायचं आणि रिकाम्या हाताने? एका बाईची तरी ओटी भरीन." फेब्रुवारीत ती गेली. खण माझ्या बॅगेत आहे. उद्या शेवटचा दिवस, उद्याच गाव.

ओटी बाईने भरायची. म्हणजे ग्रुपमधल्या बर्वे वहिनींना सांगायला हवं. सगळी ट्रिप सांगतो सांगतो करत…

१७ ऑगस्ट. कॅम्प.

नाश्त्याला सांगून टाकलं. वहिनींनी टोस्ट खाली ठेवला.

"अहो काका, एवढी गोड गोष्ट पोटात ठेवून हिंडताय? शुभाताई असत्या तर एव्हाना सिंहिणीचीही ओटी भरली असती."

मग सूत्रं त्यांच्याकडे. तांदूळ स्वयंपाक्याकडून. हळदीकुंकवाचा करंडा त्यांच्या पर्समध्ये असतोच. नारळाऐवजी अव्होकाडो चालेल का, यावर जीपमध्ये चर्चा. बर्वे म्हणाले, "फळ आहे, आत बी आहे, बबूनला नको आहे. अजून काय पाहिजे?"

गाव आमच्या गाइडचं, डॅनियलचंच. काटेरी कुंपण, शेणामातीची बुटकी घरं. ती बायकाच बांधतात. पोरं येऊन डोकं पुढे करतात, मोठ्यांनी वर हात ठेवायचा. ठेवत गेलो. दोघंतिघं फिरून फिरून परत येत होती.

तरुणांच्या उड्या. डॅनियल म्हणाला, जो उंच उडतो त्याला बायकोसाठी गायी कमी द्याव्या लागतात. बर्वे उत्साहाने उतरले. टाचा उचलल्या, बोटं जमिनीवरच. वहिनी : "माझ्या बाबांनी यांच्याकडून अख्खा गोठा घ्यायला हवा होता."

मग डॅनियलची आई. दारात बसलेल्या, लाल वस्त्र, कानात मणी, डोक्याचा गोटा. वहिनींनी स्वतःच्या ओढणीचा ओचा करून दाखवला. आजींना लगेच कळलं, त्यांनीही वस्त्र पसरलं. वहिनींनी करंडा उघडला आणि सहज विचारलं, "अँड युवर फादर, डॅनियल?"

"ही डाइड, मॅडम. लाँग टाइम."

वहिनींचं बोट कुंकवातच थांबलं.

"काका, पंचाईत झाली. दुसरी कुणी बघायची का? त्या पलीकडच्या, गळ्यात पुष्कळ मणी असलेल्या?"

मी म्हटलं, या घरच्या मोठ्या आहेत.

"ते खरं हो. पण ओटी ना… मी कधी अशी भरली नाही. मन होत नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. बाई वाईट नाहीत.

बर्वे म्हणाले, "म्हणजे उद्यापासून काकांनाही कुठे बोलवायचं नाही का?"

"तुम्ही गप्प बसा."

आजी वस्त्र पसरून बसलेल्याच. एकदा आमच्याकडे बघत, एकदा अव्होकाडोकडे. डॅनियलने विचारलं, काही अडचण आहे का? नो नो, आम्ही सगळे एकदम.

मी वहिनींच्या हातातून खण घेतला. पुरुषाने ओटी भरलेली मी आजवर पाहिलेली नाही. खाली बसताना गुडघा वाजला, आजी हसल्या. खण ठेवला, वर अव्होकाडो. तांदूळ किती वेळा घालायचे, आठवेना. शु. करायची तेव्हा मी पेपर वाचत असे.

मागून वहिनी हळूच, "पाच ओंजळी. सांडू नका."

सांडले. कोंबड्या आल्या.

कुंकवाला हात घातला तर वहिनी म्हणाल्या, "थांबा, तेवढं तुम्ही नका." पुढे झाल्या आणि त्यांनीच लावलं. डोकं गोटा, कपाळ कुठे संपतं कळेना, जरा वरच लागलं.

आजींनी माझा हात धरला, तळवा उलटा केला आणि त्यावर थुंकल्या. आशीर्वाद, डॅनियल म्हणाला. वहिनी सॅनिटायझर शोधू लागल्या, तोवर आजींनी त्यांचाही हात धरला होता.

मग बकरी. ओटीत काही पडलं तर परत काही दिलंच पाहिजे, असं आजींचं म्हणणं. काळी, पांढऱ्या कानांची. विमानात नेता येणार नाही, असं मी डॅनियलला बऱ्याच पद्धतींनी सांगितलं. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम. शी स्टेज हियर. बट शी इज युवर्स."

तंबूत बॅग भरली. खणाची जागा मोकळी. दिलं, असं शु.ला…

२० ऑगस्ट. घरी, हिल्सबरो.

सकाळी ऑकलंडला उतरलो. विमानात फॉर्म भरताना प्राण्यांशी संपर्क आला का, याला 'हो' लिहिलं. तपासणीच्या काउंटरवरच्या मुलीने माओरीत नमस्कार करून विचारलं, "किया ओरा. व्हॉट सॉर्ट ऑफ अ‍ॅनिमल?"

बकरी.

"हूज गोट?"

माइन.

तिने मान वर केली. "अँड व्हेअर इज शी नाउ?" केनियात, म्हटलं. "स्वीट अ‍ॅज," म्हणाली, म्हणजे ठीक आहे, आणि तिकडची माती नको म्हणून माझे बूट धुवायला आत घेऊन गेली. मागे वहिनी सगळ्या रांगेला गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या गोष्टीत बकऱ्या तीन.

इथे हिवाळा, घर थंडगार. हीटर लावला. झोपलो.

२२ ऑगस्ट. शुक्रवार.

ख्राइस्टचर्चहून मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही ओटी भरलीत? तुम्ही?" दोनदा विचारलं. नातवाने फोन ओढून घेतला : "आजोबा, सो हू मिल्क्स हर?" डॅनियलची आई, म्हटलं. त्याला ते अन्यायाचं वाटलं.

दुपारी डॅनियलचा मेसेज, सोबत फोटो. आजींनी खणाला काठाने मणी शिवून तो खांद्यावर घेतलाय. खाली लिहिलंय, गावातल्या सगळ्या बायकांना असाच हवाय. आई विचारते, तुमची बकरी बघायला कधी येता?

शु.चे खण कपाटात वरच्या कप्प्यात, पिशवीत आहेत. पुष्कळ आहेत. फेब्रुवारीपासून पिशवी खाली काढलेली नाही.

आणि नेमका चारला हेन्डरसनहून वहिनींचा फोन.

"काका, श्रावणातलं हळदीकुंकू राहिलंय, पुढच्या शुक्रवारी करते. शुभाताईंचे खण असतील ना हो? नुसते पडून काय करायचेत? द्या मला, चारचौघींत जातील. त्यांनाही आवडलं असतं."

आवडलं असतं, हे खरं.

"आणि काका, पेंडसे मावशींना बोलवायचं म्हणतेय यंदा. मिस्टर गेल्यापासून त्यांना कुणी बोलावत नाही. काय वाटतं?"

बोलवा की, म्हटलं.

"आणि खण?"

बघतो, म्हटलं.

"बघतो म्हणजे? मी रविवारी न्यायला येऊ?"

बर्वे मागून ओरडले, "अगं, त्यांना विचार करू दे. घाई काय आहे?"

डॅनियलला उत्तर लिहायला घेतलं. 'थँक यू' लिहिलं. पुढे 'नेक्स्ट इयर' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवलेलं नाही. खण तिकडे न्यायचे, तर रविवारी वहिनींना काय सांगायचं?

पाऊस आला. बाहेर वाळत घातलेले कपडे आत आणले, गॅरेजमध्ये दोरी बांधली आणि एकेक टाकत गेलो. चिमटे कमी पडले. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पसरला.